प्रोजेक्ट बांधावर लटकलाय!

पर्यावरणाचा प्रोजेक्ट कसा होतो, हे आपल्या सगळ्यांना माहितीये. सीनियरची फाइल मागायची, पहिलं पान बदलायचं, 'प्रदूषण : एक समस्या' असं स्केचपेननं लिहायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं आणि सबमिट. मार्क मिळतात. मीपण तेच केलं. आता वाटतं, घरामागचा बांध सोडून झेरॉक्सच्या दुकानात गेलो, हे चुकलंच.

माझं गाव कवठे येमाई, शिरूर तालुक्यातलं. पावसाळा सरत आला, की आमच्याकडं बांधावरच्या झुडपांत मोठी गोल जाळी दिसायला लागतात. मधोमध डोकं खाली करून बसलेली, पोटावर पिवळे पट्टे असलेली कोळीण आणि जाळ्यात जाड पांढऱ्या धाग्याची नागमोडी फुली. म्हणून हिला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात, जाळ्यावर सही करणारी. लहानपणी आम्ही ही जाळी काठीनं तोडायचो. त्यापलीकडं कधी लक्ष दिलं नाही.

आपल्या तोंडी कोळ्याच्या जाळ्याला एकच शब्द बसलाय : जळमट. घटस्थापनेआधी काठीला फडकं बांधून काढायची ती. घरातली धुळीनं भरलेली जळमटं खुशाल काढा. पण बांधावरचं गोल जाळं म्हणजे कचरा नाही, ते रोजच्या वापरातलं अवजार आहे.

ते बनतं कसं, हे बघायला अंगणातला दिवा पुरतो. काही जातींच्या कोळिणी तिन्हीसांजेला दिव्याच्या आसपास कामाला लागतात. आधी वाऱ्यावर एक धागा सोडायचा. तो समोर कुठं अडकला, की पूल तयार. मग चौकट, मग बैलगाडीच्या चाकासारखे आरे. त्यानंतर मध्यापासून बाहेर जाणारा एक विरळ फेरा. तो चिकट नसतो, ती फक्त परांची. मग बाहेरून आत येत चिकट धाग्याचे जवळजवळ फेरे घालायचे आणि येता येता परांची काढून टाकायची. साधारण तासाभरात काम फत्ते. आरे कोरडे, फेऱ्यांवर मात्र गोंदाचे बारीक थेंब.

मग ती मधोमध बसते, पाय आऱ्यांवर ठेवून. तिची नजर कमजोर असते, पण धाग्यांच्या थरथरीवरून तिला शिकारीची खबर लागते. ती धावत जाते, धाग्यात गुंडाळते, चावते. विशेष म्हणजे बऱ्याच जाती जुनं जाळं स्वतःच खाऊन टाकतात आणि त्यातली प्रथिनं पुन्हा नव्या धाग्यासाठी वापरतात.

आता कुणी म्हणेल, हे सगळं यूट्यूबवर आहे, आपण नवीन काय शोधणार? तर ती पांढरी फुली कशासाठी असते, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं कीटक आकर्षित करायला, कुणी म्हणतं पाखरांनी जाळं तोडू नये म्हणून. एक वही घ्या, पंधरा दिवस रोज तीच वीस जाळी बघा. फुली पूर्ण होती की अर्धी, जाळ्यात काय अडकलं, शेजारच्या रानात फवारणी झाल्यावर किती जाळी उरली, हे मांडा. कुठल्याही सीनियरच्या फाइलीत हे सापडणार नाही.

आपल्या जिल्ह्याचं नावसुद्धा या अभ्यासात आहे. बी. के. टिकादर यांनी 1975 मध्ये वर्णन केलेल्या एका गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या शास्त्रीय नावात चक्क सिंहगड आहे : सिंहगडेन्सिस. आणि अमेरिकेतल्या ज्युडिथ माइल्स या शाळकरी मुलीनं विचारलं होतं, वजनच नसेल तर कोळी जाळं विणेल का? 1973 मध्ये त्या प्रश्नासाठी अरबेला आणि अनिता या दोन कोळिणी स्कायलॅबमधून अंतराळात गेल्या. अरबेलाचं पहिलं जाळं विस्कटलेलं निघालं. सवय झाल्यावर मात्र तिनं जवळजवळ नेहमीसारखं विणलं. तोही एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्टच होता की!

पर्यावरण विषय सक्तीचा व्हावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं 1991 मध्ये दिला. त्यानंतर यूजीसीनं आखलेल्या अभ्यासक्रमात परिसरातल्या वनस्पती, कीटक, पक्षी यांचं निरीक्षण स्पष्ट लिहिलंय. कोळी आठ पायांचा, म्हणजे कीटक नाही, पण सर एवढं तरी चालवून घेतील. सरांच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो, हेही मान्य. म्हणून मागणी एवढीच : बाइंडिंगला मार्क नकोत. तारीख-वार असलेल्या, स्वतःच्या अक्षरातल्या नोंदींना द्या. चार पानं असली तरी चालतील. तपासायलाही सोपं पडेल.

आणि मित्रांनो, एक महत्त्वाचं. आपला भाग बिबट्याचा आहे. अंधारात उसाच्या कडेला जाऊ नका. फुलीवाली कोळीण दिवसाही जाळ्यातच असते, तिला सकाळी बघा. संध्याकाळचं विणकाम अंगणातूनच बघा. काठी मात्र घरी ठेवा.