थोपटणारा हात



या सदरासाठी मी शक्यतो मुलाबाळांसह बसून पाहता येईल असाच चित्रपट निवडते. या वेळचा तसा नाही, हे आधीच सांगून टाकते. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’ हा २००६ सालचा इंग्रजी चित्रपट. त्यात गोळीबार आहे, रक्त आहे, शिव्या आहेत, दारू आणि गांजाही आहे. मुले झोपल्यावरच लावा. पण आई-वडिलांनी, त्यातही वडिलांनी, तो एकदा पाहावा असे मला मनापासून वाटते.

गोष्ट २०२७ सालच्या ब्रिटनची. चित्रपट आला तेव्हा हे साल लांब होते, आता ते दाराशी आले आहे. जगात अठरा वर्षांपासून एकही मूल जन्मलेले नाही. का, ते कुणालाच ठाऊक नाही. शाळा ओस पडल्या आहेत. बाकीचे देश कोसळले आहेत आणि तिथून जीव मुठीत धरून आलेल्या निर्वासितांना पिंजऱ्यात कोंडून, बसमध्ये भरून छावणीत नेले जाते. ज्यांना जगणे नकोसे झाले त्यांच्यासाठी शांतपणे मरण्याचे औषध मिळते आणि त्याची टीव्हीवर जाहिरातही येते. अशा जगात ‘की’ नावाची एक आफ्रिकी निर्वासित मुलगी गरोदर राहते. तिला समुद्रापर्यंत आणि तिथून एका जहाजापर्यंत न्यायचे आहे. हे काम येऊन पडते थिओ फॅरन या सरकारी नोकरावर. थिओ झाला आहे क्लाइव्ह ओवेन हा ब्रिटिश नट, आणि मला लिहायचे आहे ते त्याच्या कामाविषयी.

त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चित्रपट पी. डी. जेम्स या लेखिकेच्या १९९२ सालच्या कादंबरीवर बेतलेला आहे. कादंबरीत दोष पुरुषांत आहे, त्यांचे बीजच निकामी झाले आहे. चित्रपटात मात्र दिवस राहत नाहीत ते बायकांना. बदल का केला असेल ते असो. पण लग्नाला दोन वर्षे झाली की सुनेलाच डॉक्टरकडे पिटाळणारी आणि मुलाची साधी तपासणीसुद्धा न करणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांना कादंबरी वाचायला द्यावी.

आता थिओ. पहिल्याच प्रसंगात तो कॉफीच्या दुकानात शिरतो. तिथे सगळे टीव्हीकडे पाहत रडवेले झाले आहेत, कारण जगातला सर्वांत लहान माणूस, अठरा वर्षांचा डिएगो, मारला गेला आहे. थिओ गर्दीतून वाट काढत कॉफी घेतो आणि बाहेर येऊन तिच्यात दारू ओततो. तेवढ्यात मागच्या दुकानात बॉम्ब फुटतो. त्यानंतर तो कचेरीत जातो आणि डिएगोच्या मृत्यूचे दुःख सहन होत नाही असे सांगून लवकर घरी जायची परवानगी काढतो. एवढ्यावरून वाटते, काय कोडगा माणूस आहे!

तो कोडगा का झाला, ते हळूहळू कळते. त्याला डिलन नावाचा मुलगा होता. २००८ साली तापाची साथ आली, तीत तो गेला. नवरा-बायको वेगळे झाले. ही हकीकत थिओ स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. त्याचा म्हातारा मित्र जास्पर पाहुण्यांना ती सांगत असतो आणि थिओ आडोशाला उभा राहून ऐकतो. क्लाइव्ह ओवेन इथे काहीच करत नाही. फक्त उभा असतो. ते उभे राहणे माझ्या ओळखीचे आहे.

माझ्या मोठ्या मामूंचा मुलगा सव्वा वर्षाचा असताना गेला. आम्ही बायका घरात. मामूंनी तो एवढासा जनाजा दोन्ही हातांवर घेतला, कब्रस्तानात नेला, स्वतः कबरीत उतरवला, आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडले. सगळे म्हणाले, काय सब्र आहे! मुमानीजवळ सगळे रडायला गेले, मामूंजवळ कुणीच नाही. त्या मुलाचे नाव त्यांच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकले नाही. आपल्या नबींचे (स.) तान्हे इब्राहीम गेले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सोबतच्या सहाबींना नवल वाटले, तर ही रहमत आहे असे त्यांनी सांगितले. हे आपण बयानात ऐकतो आणि घरी येऊन मुलाला सांगतो, मर्द रडत नाहीत.

थिओ रडतो. त्याची पूर्वीची बायको ज्युलियन रस्त्यावरच्या हल्ल्यात त्याच्या डोळ्यांदेखत मारली जाते. तिचा मृतदेह जंगलात ठेवतात. थिओ बाजूला जातो, सिगारेट पेटवू लागतो आणि मग एका झाडाशी वाकून कोसळतो. मागे संगीत चढवून आपल्याला रडायला लावलेले नाही. क्षणभराने तो उठतो, कारण की गाडीत बसली आहे आणि पुढे जायचे आहे.

या चित्रपटाचा नायक अखेरपर्यंत एकदाही बंदूक हातात घेत नाही. जीव वाचवायला एक-दोनदा हात उगारतो, तेवढेच. अर्ध्या चित्रपटात तर त्याच्या पायांत धड बूटही नाहीत, सपाता घालून तो गोळ्यांच्या वर्षावात धावतो. दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन आणि छायाचित्रकार एमॅन्युएल लुबेझ्की यांनी असे प्रसंग मिनिटेच्या मिनिटे न तोडता दाखवले आहेत. कॅमेरा थिओच्या पाठीला चिकटलेला असतो, त्यामुळे नटाला लपायला जागाच नाही. त्याचा दम लागतो तो आपल्याला लागतो.

की छावणीत बाळंत होते. मळकी खोली, सुईण नाही, दिवा नाही. पूर्ण चित्रपटभर ज्या दारूने थिओ स्वतःला सुन्न करत आला, ती तो हातांवर ओततो, हात निर्जंतुक करतो आणि बाळ झेलतो. मुलगी होते.

बेक्सहिलच्या या छावणीबाबत माझी एक तक्रार आहे. तिथे हत्यारबंद मुसलमानांचा जुलूस निघतो, तकबीरच्या घोषणा होतात. मला चीड आली. पडद्यावर आपण दिसलो की हातात बंदूक असायलाच हवी का? मान्य, दिग्दर्शक पिंजऱ्यातल्यांच्या बाजूचा आहे. बसच्या खिडकीतून डोक्यावर बुरखा ओढलेला, हात पसरून उभा केलेला कैदी दिसतो. २००४ साली अबू गरीब तुरुंगाची जी छायाचित्रे जगाने पाहिली, त्यांचीच ही आठवण. पण त्या जुलूसातला एकही जण आपल्याला माणूस म्हणून भेटत नाही. मारिच्का नावाच्या निर्वासित बाईला मात्र चेहरा आहे, कुत्रा आहे, बडबड आहे. तिची भाषा थिओला कळत नाही, तरी ती या दोघांना होडीपर्यंत नेते आणि स्वतः काठावरच राहते. अशी एखादी खाला आपल्यातलीही दाखवता आली असती.

गोळीबार चालू असताना थिओ की आणि बाळाला घेऊन इमारतीतून खाली उतरतो. बाळ रडते. लोक हात लांब करून तिला स्पर्श करू पाहतात. सैनिक बंदुका खाली करतात, काही गुडघे टेकतात. सगळे गप्प. हे तिघे पुढे जातात आणि पुन्हा गोळीबार सुरू होतो. गाझातून येणारी दृश्ये पाहिल्यापासून हा प्रसंग मला नीट पाहवत नाही.

शेवटी होडीत, धुक्यात, बाळ रडू लागते. कीला काय करावे कळत नाही. थिओ तिला शिकवतो, बाळाला असे खांद्याशी धर, पाठीवर हळूहळू थोपट. वीस वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट हाताने विसरलेली नसते. तेवढ्यात कीला होडीत रक्त दिसते, तिला वाटते ते आपलेच. ते थिओचे असते. त्याला गोळी लागल्याचे त्याने सांगितलेलेच नसते. की म्हणते, मी हिचे नाव डिलन ठेवीन. ओवेनच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे उमटते, ते मी कितीदा मागे नेऊन पाहिले.

मामूंना हा चित्रपट दाखवायचे धाडस मला झाले नाही. गेल्या ईदला माझ्या बहिणीचे बाळ किरकिरत होते, तर त्यांनी न बोलता ते घेतले आणि खांद्याशी धरून अंगणात फेऱ्या मारू लागले. मुमानी दारात उभ्या राहून बघत होत्या.

जहाज येते, पडदा काळा होतो. तेव्हा लगेच टीव्ही बंद करू नका. अंधारात मुलांच्या हसण्याचे आवाज येतात.