रशियन घड्याळ आणि आपली औटकी

कुर्ल्याला पश्चिमेकडे उतरून मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसराकडे जाणाऱ्या गर्दीत रशियन शिकणारे थोडे विद्यार्थीही असतात. त्यांच्यातले बरेचसे मराठी घरांतले. पण रशियन भाषेची जी प्राथमिक पुस्तके त्यांच्या हाती पडतात ती बहुधा इंग्रजीतून लिहिलेली असतात आणि घड्याळाच्या धड्यापाशी या व्यवस्थेतली विसंगती उघडी पडते. जी गोष्ट मराठी माणसाला घरचीच वाटायला हवी, ती त्याला इंग्रजाच्या चष्म्यातून परकी करून दाखवली जाते.

दीड वाजले हे रशियनमध्ये 'पलवीना फ्तरोवा' असे सांगतात. शब्दशः 'दुसऱ्याचा अर्धा'. एक तास पुरा झाला, दुसरा चालू आहे आणि त्याचा अर्धा सरला आहे, असा हा हिशेब. इंग्रजी मात्र 'एक उलटून अर्धा' म्हणते. त्यामुळे इंग्रजीतून शिकणारा नवखा विद्यार्थी 'दुसऱ्याचा अर्धा' ऐकताच हमखास अडीच लिहितो. मग त्याला सांगण्यात येते, की रशियन लोक उलटा विचार करतात, हे पाठच करा.

उलटा कसा? आपला 'अडीच' हा संस्कृत 'अर्धतृतीय'पासून प्राकृत 'अड्ढाइज्ज'मार्गे आला. म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे तो. अडीच वाजले याला रशियन माणूस 'पलवीना त्रेत्येवा' म्हणतो, म्हणजे पुन्हा 'तिसऱ्याचा अर्धा'. पाढ्यांतली 'औटकी' आठवत असेल, तर 'औट' हा 'अर्धचतुर्थ', म्हणून साडेतीन. संतांच्या वाणीतला 'औट हात' देहही याच मापाचा. दीड या संख्येसाठी रशियन शब्द 'पल्तरा' असा आहे आणि तोही मुळात 'अर्धा-दुसरा'च. जर्मन माणूसही दीड वाजण्याला 'अर्धे दोन' म्हणतो. म्हणजे या पंक्तीत एकटी पडते ती इंग्रजी. आपण मात्र त्या एकटीलाच नियम मानून बाकीच्यांना अपवाद ठरवतो.

'साडे'ची गोष्ट वेगळी, हेही सांगायला हवे. तो 'सार्ध', म्हणजे अर्ध्यासह. तिथे मराठीने वाट बदलली. पण पावणेदोन पाहा: पाव उणा असलेले दोन. रशियन 'बेस चेत्वेर्ती द्वा', म्हणजे 'चौथ्या हिश्श्याविना दोन'. नऊला आठ मिनिटे कमी हेही रशियन असेच सांगतो, 'आठांविना नऊ'. एक वाजून पाच मिनिटांना तो 'दुसऱ्याची पाच मिनिटे' म्हणतो. हे घड्याळाबाबत आपल्याला नवे वाटेल. पण पाच वर्षे पुरी झालेल्या मुलाला 'सहावे लागले' असे आपली आजी म्हणते, तेव्हा ती हेच करत असते.

तारखांचेही तसेच. रशियन तारीख क्रमवाचक असते आणि नपुंसकलिंगी. कारण 'चिस्लो' (तारीख, संख्या) हा अध्याहृत शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीतून हे समजावताना शिक्षकाची दमछाक होते. मराठीत एक वाक्य पुरते: 'तिथी' स्त्रीलिंगी म्हणून द्वितीया, तृतीया, पंचमी. एक मे 'पेर्वये माया', पण एक मे रोजी म्हणताना षष्ठी येते, 'पेर्ववा माया'. विभक्तीने काळ दाखवणे आपल्याला नवे थोडेच आहे? सोमवारी, सकाळी, रात्री ही आपली सप्तमीच. रशियनमध्ये सकाळी, रात्री यांना तृतीया लागते (ऊत्रम, नोच्यु), एवढाच फरक.

साहित्याच्या विद्यार्थ्याने आणखी एक गाठ इथेच सोडवून घ्यावी. रशियात 1918 साली 31 जानेवारीनंतर थेट 14 फेब्रुवारी उजाडला. म्हणून चेखवची जन्मतारीख कुठे 17 जानेवारी 1860 दिसते, कुठे 29 जानेवारी. आणि ऑक्टोबर क्रांतीचा दिवस नोव्हेंबरच्या 7 तारखेला येतो. तिथी आणि तारीख अशा दोन कालगणना घरात बाळगणाऱ्या मराठी वाचकाला याचे फारसे नवल वाटू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो: आजच्या मुलांना औटकी कुठे ठाऊक आहे? खरे आहे. कुर्ल्याच्या फलाटावर आठ बावन्नची गाडी असते, कुणी 'नऊला आठ कमी'ची म्हणत नाही. (रेल्वेच्या वेळा रशियनही असेच नुसते आकडे म्हणून सांगतो, तेवढ्यापुरते दोन्हीकडचे फलाट सारखे.) 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! पण अडीच, पावणे, औट यांचा अर्थ सांगणारा धडा पदवीच्या वर्गातही नसतो, त्याची खंत कुणी केली नाही. दीड आणि अडीच तर इंग्रजी माध्यमातली मुलेही रोज बोलतात. त्यांच्या तोंडचा शब्द त्यांनाच उलगडून दाखवायचा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की मराठी मुलांसाठी रशियनचे प्राथमिक पुस्तक मराठीतूनच लिहिले जावे आणि ते रशियन व मराठी दोन्ही विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून लिहावे. घड्याळाचा धडा 'अर्धतृतीय'पासून सुरू करावा. जिथे मराठीची मदत संपते तिथे तसे स्पष्ट सांगावे: उदाहरणार्थ 'चास' (तास) हा शब्द दोन, तीन, चारपुढे षष्ठीच्या एकवचनात जातो आणि पाचपासून षष्ठीच्या अनेकवचनात, 'द्वा चिसा' पण 'प्यात् चिसोफ'. याला आपल्याकडे जोड नाही; हे घोकावेच लागते.