पगारदारांचा वाली कोण?

धर्माबादच्या बाजारपेठेचे हैदराबादशी नाते निजामी अमदानीपासूनचे आहे. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेने मध्ये सरहद्द आखली, तरी ते तुटले नाही. येथील मिरचीप्रमाणेच आता येथील पदवीधर मुलेही त्या शहराची वाट धरतात व तेथील संगणक कंपन्यांत नोकरीस लागतात. म्हणून त्या कंपन्यांचा कारभार कोण व कसा हाकतो, हा प्रश्न मराठवाड्यातील घराघराचा झाला आहे.

‘सत्यम’चे प्रकरण जुने खरे, परंतु त्यातील एक हिशेब अद्याप चुकता झालेला नाही. १६ डिसेंबर २००८ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाशीच निगडित अशा दोन ‘मेटास’ कंपन्या विकत घेण्याचे ठरविले. भागधारकांनी असा गिल्ला केला की, काही तासांतच तो बेत सोडून द्यावा लागला. पुढे ७ जानेवारी २००९ रोजी खुद्द राजूंनीच लेखी कबुली दिली की, ताळेबंदातील रोकड व बँकशिल्लक यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. (उत्तम कारभाराचे ‘गोल्डन पीकॉक’ पारितोषिक या कंपनीस मिळून तेव्हा चारच महिने झाले होते!) सुमारे ५३,००० कर्मचाऱ्यांना ही वार्ता कळली ती साऱ्या जगाबरोबरच.

सरकारने त्वरा केली, हे मान्य केले पाहिजे. दोन दिवसांत जुने मंडळ दूर झाले व एप्रिलमध्ये पुण्याच्या टेक महिंद्रने कंपनी सावरली. तथापि जूनमध्ये हजारो कर्मचाऱ्यांना मूळ वेतनावर घरी बसविण्यात आले. खोटे आकडे त्यांनी लिहिले नव्हते!

२०१३ च्या कंपनी कायद्याने या प्रकरणापासून बोध घेतला, पण कोणाकरिता? गैरकारभाराविरुद्ध सामुदायिक दावा लावण्याचा अधिकार कलम २४५ ने भागधारकांस व ठेवीदारांस दिला. कर्मचाऱ्याच्या वाट्यास आली ती तक्रारीची ‘दक्षता यंत्रणा’, आणि तीही कंपनीनेच उभारावयाची! वस्तुतः भागधारक सकाळी नाराज झाला तर दुपारी भाग विकून मोकळा होतो. घरासाठी कर्ज काढलेल्या अभियंत्यास नोकरी अशी विकता येत नाही.

दाव्यांचा सुळसुळाट होईल, हा आक्षेप आम्हांस पटत नाही. भागधारकांस किमान संख्येची अट आहेच. तीच कर्मचाऱ्यांसही लावावी. कलम २४५ मध्ये ‘कर्मचारी’ हा शब्द घालण्याचे विधेयक नांदेड व लातूरच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात मांडावे, अशी आमची सूचना आहे.