मापनाचा धडा आजीच्या पायरीवर



माझ्या आजेसासूबाईंनी मागच्या वर्षी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणंच सोडलं. आम्हाला वाटलं, तब्येत बिघडली. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाल्या, "रात्री उठावं लागतं गं. त्या दोन पायऱ्या उतरवत नाहीत." आमचं न्हाणीघर आणि संडास परसात आहे. मागच्या दारात दोन उंच पायऱ्या. गुडघ्यांसाठी आम्ही त्यांना दवाखान्यात नेत होतो, गोळ्या देत होतो. पायऱ्या मात्र कुणीच मोजल्या नव्हत्या.

मी मोजल्या. एकेक पायरी 25 सेंटिमीटर. गावातल्या फॅब्रिकेशनवाल्या दादांना बोलावलं. चांगले कारागीर आहेत. गेट, ग्रिल, पत्र्याची शेड, सगळं करतात. म्हणाले, "मॅडम, दीड मीटरचा लोखंडी रॅम्प टाकून देतो." पण तो झाला मोटारसायकल चढवायचा रॅम्प! माणसासाठीच्या रॅम्पचं साधं माप असं, की 1 सेंटिमीटर उंचीला निदान 12 सेंटिमीटर लांबी हवी. उंची 50, म्हणजे लांबी 600 सेंटिमीटर, सहा मीटर. परसात जागा तीन मीटर. म्हणजे रॅम्प बसणारच नव्हता.

मग गवंड्याकडून दोनाच्या चार पायऱ्या करून घेतल्या. प्रत्येक साडेबारा सेंटिमीटर उंच आणि पूर्ण पाऊल टेकेल एवढी रुंद. दादांनी बाजूला गोल पाइपचा कठडा बसवला. पाइपची जाडी चार सेंटिमीटर, म्हणजे मुठीत नीट मावणारी. भिंत आणि पाइप यांच्यात बोटं जातील एवढी फट. टोकं भिंतीकडे वळवलेली, म्हणजे पदर अडकत नाही. कठड्याची उंची साधारण 80 ते 90 सेंटिमीटर ठेवतात, पण आजी ठेंगण्या. म्हणून त्यांना उभं करून, हात ठेवायला लावूनच खूण केली. शेवटी दादा स्वतः कठड्याला लोंबकळले आणि म्हणाले, "आता बिनधास्त धरा, आजी."

आजी आता रात्रीसुद्धा पाणी पितात.

हे सांगायचं कारण असं. कारागीर गावात आहे, लोखंड आहे, वेल्डिंग मशीन आहे. नसतं ते माप. आणि माप घेणं आपण तिसरी-चौथीपासून शिकवतोच! वहीतल्या रेघा मोजून, फळ्याची लांबी मोजून धडा संपवतो. माझं स्पष्ट मत आहे, की मापनाचा धडा म्हाताऱ्या माणसांच्या चालण्याफिरण्याशी जोडायला हवा.

मी वर्गात हे करून पाहिलं. आधी शाळेचाच रॅम्प मोजला. उंची 60, म्हणजे लांबी 720 हवी. निघाली 350! एक मुलगा म्हणाला, "मॅडम, म्हणूनच आम्हाला त्याची घसरगुंडी करता येते." शिक्षण हक्क कायद्यात अडथळाविरहित प्रवेश सांगितलाय, रॅम्प त्यासाठीच बांधला, पण कुणी बाराचा पाढा म्हणून पाहिला नाही. मग घरचा अभ्यास दिला. आजी-आजोबांना आधी विचारायचं, "कुठे अडतं?" आणि तिथेच मोजायचं.

कितीतरी गोष्टी बाहेर आल्या. बऱ्याच जणांची काठी चुकीच्या उंचीची निघाली. नेहमीची चप्पल घालून, हात सैल सोडून ताठ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. काठी धरायची दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. काहींच्या काठीखालचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, ओल्या फरशीवर ते घसरणारच. एका घरी खाट एवढी बुटकी होती, की आजोबांना उठताच येत नव्हतं. पायांखाली भक्कम लाकडी ठोकळे घातले आणि काम झालं.

तुम्ही म्हणाल, आधीच कामं कमी आहेत का? पण मापन तर शिकवायचंच आहे. मुलांनी वेल्डिंगला हातही लावायचा नाही. त्यांनी फक्त मोजायचं आणि चित्र काढून त्यावर आकडे लिहायचे. पुढचं काम मोठ्यांचं. माध्यमिक शाळा तर याहून पुढे जाऊ शकतात. पुणे जिल्ह्यात पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. गावाच्या गरजेची कामं हातानं करत शिकायचं, हीच तिथली पद्धत. वेल्डिंगसुद्धा त्यात येतं.

आपण मात्र विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचं 'भविष्यातलं गाव' मांडतो. बक्षीस मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी ते गाव कचऱ्यात जातं. त्याऐवजी एका आजोबांच्या मोरीतला कठडा मुलांच्या मापावरून बसला, तर त्याला पहिलं बक्षीस द्यायला काय हरकत आहे?

पालकहो, तुम्हालाही एक विनंती. मुलगा टेप घेऊन घरभर फिरायला लागला तर रागावू नका. त्यानं लिहिलेला कागद जपून ठेवा आणि गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे घेऊन जा. आजी पडल्यावर जाण्यापेक्षा आधीच गेलेलं बरं.