ओसरी मावली!

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आमच्या चिरंजीवांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून दोन हजार रुपयांना एक जाडजूड नळकांडे आणले. "बाबा, सिनेमास्कोपचं भिंग आहे!" मी पडलो मराठीचा प्राध्यापक, भिंगाशी माझा संबंध चष्म्यापुरता. दोन हजारांचा आकडा मात्र मला चष्म्याशिवायही दिसला. मी बोललो, बरेच बोललो. दिवाळीनंतर शिरूरचे आमचे जुने घर पाडायचे ठरले होते, भाड्याच्या जागेची अनामत भरायची होती, आणि हा भंगार विकत आणतो!

तो शांतपणे म्हणाला, "घर पाडण्याआधी ओसरी घ्यायचीय. साध्या कॅमेऱ्यात ती मावत नाही."

मी गप्प बसलो.

हे भिंग चित्राची रुंदी दाबून निम्मी करते, उंचीला हात लावत नाही. दाखवताना ती रुंदी पुन्हा पसरायची. आंरी क्रेतियँ या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही युक्ती १९५३ साली 'द रोब'ने जगभर नेली. आपल्याकडे गुरुदत्तांचा 'कागज़ के फूल' १९५९ साली सिनेमास्कोपमध्ये आला. पुढे थिएटरांतून फिल्मच गेली आणि प्रोजेक्टरची भिंगे भंगारात आली. पडद्याकडे तोंड करून बसलेली काच आता पोरे कॅमेऱ्यापुढे बांधून माणसांकडे वळवतात.

आमच्याकडे ती बांधली गेली नळाच्या पाइपचा तुकडा, सायकलची ट्यूब आणि तीन स्क्रू यांच्या आधाराने. पहिल्या दिवशी भिंग किंचित फिरलेले राहिले आणि ओसरीचे सारे खांब कलले. आई म्हणाली, "अरे, ही आत्ताच पडायला निघाली की!" दुसऱ्या दिवशी फोकसचा घोळ. कॅमेऱ्याचा वेगळा, भिंगाचा वेगळा. आजी जरा सरकली की पुन्हा पहिल्यापासून! कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळी माणसे उदबत्तीसारखी बारीक दिसत. आमच्या सौभाग्यवतींना तेच चित्र पसंत पडले.

मी हसलो खरा. पण कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने घरीच कॅमेरा घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली, हे वर्गात अभिमानाने सांगणारा मीच ना?

पाडव्याला सगळे ओसरीवर बसलो. वाटणीवरून दादाचे आणि माझे बोलणे बंद होते. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे आई, बायका, पोरे, फराळाची ताटे. साध्या चौकटीत आम्ही दोघे एकदम आलोच नसतो.

आता ओसरी नाही. भाड्याच्या खोलीतल्या भिंतीवर परवा ते चित्र लावले. आईने डावीकडून एकेक माणूस मोजला आणि म्हणाली, "सगळे आहेत."

काल दादाचा निरोप आला : "ती फिल्म मलाही पाठव."

मी कळवले, "पाठवत नाही. पाडव्याला ये आणि आईशेजारी बसून बघ."