भिंतीचा रंग कोणी ठरवायचा?

खोली सोडताना घरमालकांनी डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले. रंग मी माझ्याच पैशाने दिला होता! ओलीने सुटलेले पापुद्रे खरवडले, लांबी भरली, दोन रविवार घालवून पिवळा डिस्टेंपर मारला. शेजारच्या ताई स्टूल धरायला आल्या. मालकांना ओल कधी दिसली नव्हती, पिवळा मात्र लगेच दिसला. म्हणाले, "एकट्या बाईला जागा दिली, हेच चुकलं."

मैत्रिणींनो, हे आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलंय! सासरी दिवाळीआधी भिंती घासायच्या आपण आणि रंग ठरवायचा इतरांनी. ते घर सोडल्यावर आयुष्यात प्रथमच मी रंग निवडला, तर त्याचा दंड! (पिवळाच का, असं एका कार्यकर्त्या मैत्रिणीनेही विचारलं. आवडतो म्हणून.)

हा प्रश्न किरकोळ नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी बाई खिळा ठोकतानाही घाबरते, ती जागा जाईल म्हणून. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 सांगतं: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. माझा करार नोंदवलेला नव्हता. हे तेव्हा ठाऊक नसल्याने उरलेले पैसे मुकाट्याने घेतले.

केंद्रात येणारीला आपण पोटगीचं कलम सांगतो. तिला उद्या खोलीही शोधायची असते. मग हेही सांगायला हवं. रंगाची परवानगी करारातच लिहून घे, आणि राहायला जाण्याआधी ओलीचे फोटो काढ.