कानाचा परिग्रह म्हणणाऱ्यांना



"वय झालं आता, कमी ऐकू येणारच. त्यांना तरी काय करायचंय सगळं ऐकून?" हे वाक्य आपल्या समाजातल्या निदान दहा घरांत मी ऐकले आहे. बोलणारी माणसे वाईट नाहीत. सूर्यास्ताआधी सासूचे ताट वाढणारी, रक्तदाबाची गोळी न चुकता हातावर ठेवणारी माणसे आहेत ती. तरीही या वाक्याला मी आज उघड विरोध करणार आहे. त्यात आळस आहे आणि त्या आळसाला आपण धर्माचा मुलामा देतो.

मुलाम्याचे तीन प्रकार मी पाहिले.

पहिला: "कर्माचा उदय आहे, भोगायला हवा." मग मोतीबिंदू कशाने होतो? त्यासाठी आपण लगेच तारीख घेतो, समाजातर्फे नेत्रशिबिरे भरवतो, शिबिराचे फोटो ग्रुपवर टाकतो. डोळ्यांचे कर्म ऑपरेशनने संपवायचे आणि कानाचे भोगून संपवायचे, हा भेद कोणत्या शास्त्रात आहे ते मला दाखवा.

दुसरा: "या वयात कशाला आणखी परिग्रह?" हे ऐकले की मला खरोखर राग येतो. उमास्वामींनी परिग्रह वस्तूवरून ठरवला नाही, वस्तूवरच्या मूर्च्छेवरून ठरवला. सर्वस्वाचा त्याग केलेल्या मुनिराजांजवळही पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र असते. त्यांना आपण उपकरण म्हणतो: संयमाचे, शौचाचे, ज्ञानाचे. ज्या यंत्रामुळे एखाद्या वृद्ध श्राविकेला प्रवचन ऐकू येते, ते ज्ञानाचे उपकरण का नाही? आणि हा अपरिग्रह आपल्याला नेमका सासूच्या कानापाशीच कसा आठवतो? नवा फोन घेताना तो कुठे गेलेला असतो?

तिसरा सगळ्यांत गोड: "बरंच आहे, कटकट कानावर पडत नाही, आपोआप विरक्ती येते." विरक्ती माणूस स्वतः होऊन स्वीकारतो. हिरावून घेतल्याने ती येत नाही. ऐकू न येणारे माणूस विरक्त होत नाही, एकटे पडते. सगळे हसले की उगाच हसते. कुणी हळू बोलले की "माझ्याबद्दलच बोलतात" असे त्याला वाटते. पुढे ते प्रश्न विचारणेच सोडते आणि आपण म्हणतो, "किती शांत झाल्या बाई आता!"

मैत्रिणींनो, श्रावक हा शब्दच ऐकण्यावरून आला आहे. जो ऐकतो तो श्रावक, जी ऐकते ती श्राविका. आपल्या शास्त्रात जीव एकेंद्रियापासून वर चढत येतो: स्पर्श, चव, वास, दृष्टी आणि सर्वांत शेवटी कान. भुंग्याला डोळे आहेत, तो चार इंद्रियांचा. पाचवे इंद्रिय मिळाले म्हणून आपण पंचेंद्रिय. इतक्या उशिरा मिळालेली गोष्ट इतक्या सहज सोडून द्यायची?

आता व्यवहाराचे बोलू. मी कॉमर्सची आहे, हिशेबाशिवाय मला बरे वाटत नाही.

आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, ८४ वर्षे झाली. कानतज्ज्ञांनी आधी कान तपासून मळ काढला, मग ऑडिओग्राम झाला. दोन्ही कानांत ७५ ते ८० डेसिबल. आपल्याकडच्या बऱ्याच अहवालांत ७१ ते ९० डेसिबलला तीव्र श्रवणदोष म्हणतात. समोर बसून केलेले साधे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते. म्हणजे आपले नेहमीचे बोलणे त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. कुकरची शिट्टी पोचते, म्हणून घरच्यांना वाटते, "हवं तेवढं बरोबर ऐकू येतं यांना!" हा टोमणा आता तरी बंद करा. ओरडूनही फार उपयोग नसतो. ओरडल्याने स्वर मोठे होतात, पण स, त, क, ठ ही व्यंजने तशीच पुसट राहतात. ताट, साठ आणि काठ त्यांना सारखेच ऐकू येतात. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, तो वेगळाच.

यंत्र घ्यायचे ठरले की दुसरा गोंधळ सुरू होतो. यंत्र निवडतो कोण? मुलाचा खिसा निवडतो, नातीची लाज निवडते, परदेशातल्या भाच्याचा मोबाइल निवडतो आणि दुकानदाराचे कमिशन निवडते. ज्याचा कान, त्याला कुणी विचारत नाही.

एका दुकानात माझ्यासमोर हेच झाले. ऑडिओग्राम माझ्या हातात तसाच होता, त्याने तो मागितलाही नाही. कानात आत बसणारे इवलेसे यंत्र काढून आईंच्या डोक्यावरून मला म्हणाला, "बघा मॅडम, लग्नातसुद्धा कुणाला कळणार नाही." मी भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारला, तर त्याने व्हिजिटिंग कार्ड पुढे केले. आम्ही उठलो. ज्याच्याकडे ऑडिओलॉजीचे शिक्षण आणि नोंदणी नाही, त्याच्याकडून कान लावून घेऊ नका.

तीव्र श्रवणदोषाला बहुतेक वेळा कानामागे बसणारे जास्त ताकदीचे यंत्र लागते आणि त्याबरोबर कानाचे माप घेऊन केलेला साचा लागतो. साचा घट्ट बसला नाही की आवाज बाहेर गळतो आणि यंत्र शिट्टी मारते. इवल्या यंत्रात तेवढी ताकद मावत नाही आणि त्याचा सेल म्हाताऱ्या बोटांना धरवत नाही. "दिसू नये" हा हट्ट कुणाचा आहे ते तपासा. आमच्या आईंचा नव्हता. चष्मा दिसतो, काठी दिसते, कवळीही दिसते. मग कानामागचे यंत्र दिसल्याने घराण्याचे काय जाते?

ऑनलाइन मिळणारी दीड-दोन हजारांची "कानाची मशीन" हीसुद्धा निवड नाही. ती सगळाच आवाज मोठा करतात, भांड्यांचा आणि पंख्याचाही. कोणत्या सुरांना किती वाढवायचे हे प्रत्येक कानाच्या ऑडिओग्रामवरून ठरते. ते न पाहता आवाज वाढवला तर उरलेल्या ऐकण्यालाही इजा होऊ शकते.

उलट टोकाला, सर्वांत महाग ते सर्वांत चांगले, असेही नाही. ८४ वर्षांच्या बाईला ब्लूटूथवर गाणी ऐकायची नसतील तर त्याचे पैसे का मोजायचे? त्याऐवजी मी हे विचारले: दोन्ही कानांना लावून तुलना करून दाखवाल का? कानात बारीक नळी घालून आवाज खरोखर किती पोचतो ते मोजाल का? घरी, स्वयंपाकघरात आणि मंदिरात वापरून पाहायला काही दिवस द्याल का? टेलिकॉइल आहे का? प्रवचन सांगणाऱ्याजवळ ठेवायचा छोटा माईक याला जोडता येतो का? चार्जिंगचे की सेलचे, हे आईंच्या हातात दोन्ही देऊन ठरवले. सेल बसवताना त्यांची बोटे थरथरत होती, म्हणून चार्जिंगचे घेतले. तुमच्याकडे वीज वारंवार जात असेल तर उत्तर उलटे येईल.

आणखी एक. यंत्र मुंबईचे की सांगलीचे, यापेक्षा ते लावणारा माणूस जवळ आहे का, हे पाहा. पहिले काही आठवडे सगळेच कर्कश वाटते. मेंदूला त्या आवाजांची सवय होऊ द्यावी लागते आणि मधे तीन-चारदा सेटिंग बदलून आणावे लागते. तिथेच आपण कंटाळतो. यंत्र कपाटात जाते आणि "त्यांना चालत नाही हो" असा निकाल लागतो. तीन फेऱ्या कुणी मारल्या नाहीत, हे त्या निकालात लिहिलेले नसते. चांगले यंत्र नीट लावूनही शब्द कळत नसतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल कानतज्ज्ञांना विचारा. केवळ वय झाले म्हणून तो रस्ता बंद होत नाही.

आता पैसे. समजा जोडी ६०,००० रुपयांची आहे आणि पाच वर्षे चालली. दिवसाला ३३ रुपये पडले. साचे, दुरुस्ती धरून ५० म्हणा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, बिल पाहून घ्या. तीव्र दोष असेल तर अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. प्रमाण ४० टक्के किंवा जास्त असेल आणि आई-वडील मुलावर अवलंबून असतील, तर जुन्या करपद्धतीत ८० डीडीखाली मुलाला ७५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे, ८० टक्क्यांपुढे १,२५,००० ची. ज्यांची खरोखर ऐपत नाही त्यांच्यासाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजनाही आहे. आपल्या मंडळातल्या कुणा गरजू काकूंचा अर्ज भरून देणे हे काही कमी पुण्याचे काम नाही.

कारण खर्च नुसता पैशांचा नसतो. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात, ज्यांवर उपाय करता येतो अशा स्मृतिभ्रंशाच्या १४ धोक्यांत ऐकू न येणे हा एक आहे. यंत्र लावले की विस्मरण होणारच नाही, असे कुणी म्हणत नाही. पण ज्या माणसाशी कुणी बोलत नाही त्याचे डोके कशावर चालायचे?

आपण वैयावृत्त्याला अंतरंग तप म्हणतो. मग हे तप घरीच सुरू करा. बोलण्याआधी हाक मारून लक्ष वेधा, उजेडात समोर या, टीव्ही बंद करा, स्वयंपाकघरातून ओरडू नका. "काही नाही, जाऊ दे" हे चार शब्द तर कायमचे सोडा. म्हाताऱ्या माणसाला त्यांच्याइतके दुसरे काही लागत नाही.

पंचकल्याणकात लाखांचे सवाल घेणारी आपली माणसे आहेत, त्याचा मला अभिमान आहे. औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही दाने एका श्रवणयंत्रात होतात, हेही त्यांना सांगायची वेळ आली आहे. पर्युषणाआधी मंदिराच्या कमिटीकडे नेत्रशिबिरासारखेच कानतपासणीचे शिबिर मागा, नोंदणी असलेले ऑडिओलॉजिस्ट बोलवायला लावा.

जळत्या लाकडातल्या नाग-नागिणीला पार्श्वकुमारांनी णमोकार ऐकवला, ही कथा आपण नातवंडांना सांगतो. घरातल्या वृद्धाच्या शेवटच्या घटकेला आपणही कानाशी वाकून णमोकार म्हणतो. ज्या कानाची दहा वर्षे कुणी चौकशी केली नाही, त्यात तो पोचेल अशी आशा कशाच्या जोरावर करायची? या आठवड्यात ऑडिओग्रामची वेळ घ्या.